खोडरबर आहे का?

कॉम्प्युटर चालू होत नाही, अशी तक्रार करणाऱ्या माणसाचं दुसरं वाक्य ठरलेलं असतं. "मी काहीच केलं नाही." खरं तर तोवर त्याला कोणी काही विचारलेलंही नसतं. "काल रात्रीपर्यंत उत्तम चालत होता, मी रीतसर बंद केला, आज बटण दाबलं तर हा असा." यातलं 'रीतसर' ऐकलं, की दुरुस्तीवाला मनातल्या मनात ओळखतो की भिंतीवरचं बटण खटकन बंद करून साहेब जेवायला गेले होते.

न चालण्याचेही प्रकार असतात. आपण सगळ्यांना मिळून 'बसला' म्हणतो. दुरुस्तीवाले तसं म्हणत नाहीत. बटण दाबल्यावर पंखाही हलला नाही तर तो 'डेड'. पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि पडदा काळा, तर 'डिस्प्ले नाही'. कंपनीचं चिन्ह आलं आणि ठिपके गोल गोल फिरत राहिले तर 'विंडोज करप्ट', आणि त्यापुढे हमखास जोडलेलं "फॉरमॅट मारावा लागेल". हे शेवटचं वाक्य ऐकून भल्याभल्यांचा चेहरा पडतो, कारण मुलीच्या लग्नाचे फोटो तिथंच आणि फक्त तिथंच असतात.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हा प्रसंग साधारण सप्टेंबरात येतो. याला योगायोग म्हणायचं कारण नाही. सहकाराच्या नियमाप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि जूनपासून पडणारा पाऊस तोवर जिन्याखालच्या ऑफिसात पुरता मुरलेला असतो. एरवी त्या कॉम्प्युटरकडे कोणी ढुंकून बघत नाही. सप्टेंबरात ताळेबंद छापायचा असतो, थकबाकीदारांची यादी काढायची असते आणि नेमकं तेव्हाच बटण दाबल्यावर पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, पडदा मात्र काळा ठिक्कर.

हा कॉम्प्युटर बदलत का नाही, असं नवे भाडेकरू विचारतात. (भाडेकरूंना सभेत मत नसतं, म्हणून त्यांना इतके सरळ प्रश्न सुचतात.) बदलत नाही, कारण सोसायटीच्या जुन्या नोटिसा, इतिवृत्तं आणि वादग्रस्त ठराव त्यात 'श्री-लिपी'मध्ये टाइप केलेले आहेत. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं हे सॉफ्टवेअर. युनिकोड घरोघर पोचण्याआधी मराठीतल्या किती लग्नपत्रिका, हँडबिलं आणि दिवाळी अंक त्यावर जुळवले गेले, त्याला गणती नाही. ते चालवायला कॉम्प्युटरच्या मागे एक छोटं कुलूप खोचावं लागे. त्याला डोंगल म्हणत आणि ते हरवणं हा डीटीपीवाल्याच्या आयुष्यातला काळा दिवस असे. श्री-लिपीच्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली होती. त्यामुळे तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या नव्या मशीनवर उघडली, तर 'पार्किंगबाबत अंतिम सूचना' याऐवजी डॉलरची चिन्हं, कंस आणि स्वल्पविराम यांची दाटी दिसते. पार्किंगचा वाद अजून मिटलेला नाही. मूळ सूचना वाचता येणं दोन्ही पक्षांना गरजेचं आहे. म्हणून कॉम्प्युटर आहे तिथंच आहे.

तो बसला, की सभासद जमतात. आमच्याकडे निदान आधी होतं, तपासणी नंतर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बी विंगच्या काकांच्या मते दोष अर्थिंगचा. लिफ्ट अडकली तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि पाण्याच्या पंपाचा आवाज वाढला तेव्हाही. बँकेतून निवृत्त झालेले काका मितभाषी. "बंद करा, दहा मिनिटं थांबा, चालू करा." ए विंगच्या काकूंना व्हायरसची खात्री आहे. "नाही नाही ते मेसेज उघडले असतील कोणीतरी," असं म्हणून त्या सेक्रेटरींकडे बघतात. सेक्रेटरी म्हणतात, मी काहीच केलं नाही.

सोसायटीतली निम्मी घरं रोज हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जातात. तेव्हा त्यांच्यातल्या एका मुलीला वरून बोलावलं. ती तत्परतेनं आली, काळ्या पडद्याकडे क्षणभर बघितलं आणि नम्रपणे म्हणाली, "काका, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे." यात तिचं काही चुकत नाही. कुठल्या तरी परदेशातली शेकडो मशीन ती पुण्यात बसून उठवते, बसवते. त्यांतलं एकही तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तिचा स्वतःचा लॅपटॉप बिघडला तर ती तिकीट टाकते आणि ऑफिसातून दुसरा येतो. मग तिच्या मागोमाग आणखी काही टीम लीड उतरले. चर्चा उत्तम झाली, पण स्क्रूड्रायव्हर कोणाच्याच घरी निघाला नाही. तो शेवटी वॉचमनच्या केबिनमध्ये सापडला.

एरवी या विषयात हे शहर साधंसुधं नाही. अमेरिकेनं महासंगणक द्यायला हात आखडता घेतला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. २००७ साली इथल्याच 'एका' या यंत्रानं जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथा क्रमांक पटकावला. एवढ्या मोठ्या यंत्रांना ज्या शहरानं उभं केलं, तिथं जिन्याखालचा एक डबा उभा राहायला हरकत नव्हती. पण महासंगणकाचं एक बरं असतं. त्याच्याभोवती सोसायटीचे सभासद जमत नाहीत.

बटण दाबल्यावर पहिल्या काही सेकंदांत आत काय चालतं, ते कळलं तर कॉम्प्युटरवरचा राग बराच निवळतो. भिंतीतली २३० व्होल्टची वीज एसएमपीएस नावाचा डबा घेतो आणि बारा, पाच, ३.३ अशा लहान लहान व्होल्टांवर उतरवतो. हे व्होल्ट स्थिर झाल्याची खूण मिळेपर्यंत प्रोसेसर जागचा हलत नाही. खूण मिळाली, की तो मदरबोर्डवरच्या चिपमधलं बायोस वाचायला घेतो आणि बायोस हजेरी सुरू करतं. मेमरी आहे का? डिस्प्ले कार्ड आहे का? कीबोर्ड? सगळे हजर असतील तरच पुढचा प्रश्न, विंडोज कुठल्या डिस्कवर ठेवलंय? म्हणजे पडद्यावर कंपनीचं नावही उमटलं नसेल, तर विंडोजला शिव्या घालण्यात अर्थ नाही आणि काकूंच्या व्हायरसलाही. त्यांची पाळी अजून आलेलीच नाही.

हजेरीत कोणी गैरहजर निघालं, तर ते सांगायचं कसं? पडद्यावर लिहावं तर पडद्याचाच पत्ता नाही. म्हणून जुन्या कॅबिनेटांत एक चिमुकला स्पीकर असे आणि कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तसे त्याचे बीप मोजायचे असत. अवॉर्ड बायोस असेल तर एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. लांब बीप थांबून थांबून वाजतच राहिले तर मेमरीची. दुसऱ्या कंपनीच्या बायोसची खूण वेगळी, त्यामुळे दुरुस्तीवाल्यांच्या टेबलाच्या काचेखाली याचे तक्ते सरकवलेले असत. नव्या कॅबिनेटांत बहुतेक वेळा हा चिल्लर किमतीचा स्पीकर देतच नाहीत. यंत्र मुकं झालं आणि अंदाज महाग झाला. आमच्या सोसायटीच्या कॉम्प्युटरला तो स्पीकर आहे. तो वाजतही होता. पण अर्थिंगच्या चर्चेत तो कोणाला ऐकू आला नाही.

बायोसची भाषा तुटक असते, हे मान्य करायला हवं. कीबोर्डची तार निसटलेली असली, की जुनी मशीन इंग्रजीत लिहीत, कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. जगभर या वाक्यावर हसून झालंय. मला त्यात विशेष काही वाटत नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला असल्या सूचना वाचायचा सराव असतो.

तर, दुरुस्तीला जो मुलगा येतो, त्याचं बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि मागे गतप्राण मदरबोर्डांची चळत. बाकीच्या जगाला तपकीर गल्ली दिवाळीच्या माळा घ्यायला आठवते. वायर, बल्ब, स्पीकर आणि नाव सांगता येणार नाही असल्या सुट्या भागांसाठी ती बारमाही आहे. हा मुलगा आला, की कोणाचंही निदान ऐकत नाही. आधी मागे जे जे खोचलेलं असेल ते ते काढतो. प्रिंटर, माउस, पेन ड्राइव्ह, डोंगलसुद्धा. वीज बंद करून वायर उपसतो आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरतो, म्हणजे आत रेंगाळलेली वीज निघून जाते. मग झाकण उघडून ब्लोअर मारतो. धुळीबरोबर आतून काय काय निघतं! एकदा खंडेनवमीच्या अक्षता निघाल्या. आपण हत्यारांची पूजा मनोभावे करतो आणि कुंकू नेमकं हवा खेळायच्या जाळीवर वाहतो.

मग मान वर न करता तो विचारतो, "काका, खोडरबर आहे का?"

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. पण रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्टीच्या खालच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक बारीक पट्ट्या असतात आणि दमट हवेत, धुळीत त्यांच्यावर एक पापुद्रा धरतो. डोळ्यांना तो दिसत नाही, विजेला अडवायला मात्र पुरतो. शाळेतलं पांढरं खोडरबर त्यावर हलक्या हातानं फिरवायचं, चुरा झटकायचा, पट्टी खाचेत 'खट्' आवाज होईपर्यंत दाबायची. पुष्कळदा एवढ्यावर पडदा उजळतो. शास्त्र जाणणारी मंडळी याला नाक मुरडतात. रबरानं मुलामा झिजतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावं, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच आहे. पण रात्री साडेनऊला आयसोप्रोपिल अल्कोहोल शोधत कोथरूड पालथं घालायचं, की तळमजल्यावरच्या दुसरीतल्या मुलाच्या कंपासमधून खोडरबर मागायचं?

खोडरबरापेक्षाही त्याची रीत बघण्यासारखी असते. दोन पट्ट्या असतील तर एकीलाच ठेवून बघायचं. मग दुसरीला. मग तीच दुसऱ्या खाचेत. एका वेळी एकच बदल, आणि काय झालं ते बघितल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. हे वाचायला सोपं वाटतं, पण पुण्यातल्या पन्नाशीपुढच्या माणसाकडून करून घेणं अवघड आहे. तो यायच्या आधी आमच्या सभासदांनी एकाच झटक्यात वायर बदलली, एक्स्टेन्शन बोर्ड बदलला, मॉनिटर हलवला आणि गणपतीला नमस्कार केला. त्यातून कॉम्प्युटर चालू झालाच असता, तर श्रेय कोणाला द्यायचं यासाठी विशेष सभा बोलवावी लागली असती.

काम करता करता तो एकच प्रश्न विचारतो. "शेवटचं काय केलं होतं?" उत्तर येतं, काहीच नाही. पाच मिनिटांनी कोणीतरी म्हणतं, झाडताना जरासा सरकवला होता. आणखी पाच मिनिटांनी, जरासा म्हणजे, टेबलावरून खाली आला होता. रॅम का सैल झाली, हे तेव्हा उलगडतं.

या धंद्याला पुण्यात वंशावळ आहे. दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीत हात बसवलेले कैलाश काटकर नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. ए विंगच्या काकूंना तेव्हाच्या काळात मान मिळाला असता, कारण तेव्हा चालू न होणारी मशीन खरोखरच पुष्कळदा व्हायरसनं पछाडलेली असत. व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, जिथून मशीन सुरू होतं तिथं, दबा धरून बसे. कोणीतरी विसरलेली फ्लॉपी आत असताना बटण दाबलं, की आधी तो जागा होई. पीसीवरचा असा पहिला गाजलेला व्हायरस 'ब्रेन'. तो १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला आणि त्यात आपलं नाव, पत्ता, फोन नंबरही घातला. एवढा सभ्यपणा पुढच्या व्हायरसवाल्यांनी दाखवला नाही. 'मायकेलअँजेलो' हा दर ६ मार्चला, त्या थोर कलावंताच्या जन्मदिवशी, डिस्कवरची माहिती नासवायचा. १९९२ साली त्यानं जगाला घाम फोडला होता. दुकानात येणाऱ्या मशिनींवर तेच तेच आजार दिसायला लागल्यावर कैलाश यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून 'क्विक हील' झालं आणि २०१६ साली ही पुण्याची कंपनी शेअर बाजारात उतरली. लाहोरच्या दोन भावांनी लावलेलं दुखणं पुण्याच्या दोन भावांनी काढलं, असं म्हणायचा मोह होतो. इतिहास इतका नेटका नसतो, पण सोसायटीच्या सभेत सांगायला बरा पडतो.

बँकेतल्या काकांचा उपायही टाकाऊ नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसले. विमानतळांवर रांगा लागल्या. आपल्या देशात प्रवाशांच्या हाती पेननं लिहिलेले बोर्डिंग पास आले. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं आपल्या क्लाउडच्या ग्राहकांना दिलेल्या सल्ल्यांत एक सल्ला होता, पुन्हा पुन्हा बंद करून चालू करा. काहींना हे पंधरा वेळा करावं लागलं. काकांनी त्या बातमीचं कात्रण नोटीस बोर्डावर लावलं. खाली काही लिहिलं नाही. गरजच नव्हती.

सगळीच दुखणी मात्र इतकी रंजक नसतात. मदरबोर्डवर नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी असते, सीआर-२०३२. वीज नसताना तारीख-वेळ तीच सांभाळते. ती उतरली, की मशीन चालू तर होतं, पण आपल्याच कुठल्या तरी जुन्या तारखेला जागं होतं. मग अर्ध्या वेबसाइट उघडायला नकार देतात, कारण त्यांची प्रमाणपत्रं त्या तारखेला जन्मलेलीच नसतात. सोसायटीत हा घोळ झाला तेव्हा मेन्टेनन्सच्या काही पावत्या १ जानेवारी २००२ या तारखेनं छापल्या गेल्या. उपविधींप्रमाणे तेव्हा थकबाकीवर द.सा.द.शे. २१ पर्यंत सरळव्याज लावता येत होतं. एका जुन्या थकबाकीदारांनी ती पावती सभेत फडकवली आणि आपण वीसेक वर्षं आगाऊ भरणा केला असल्यामुळे सोसायटीनंच आपल्याला व्याज द्यावं, असा मुद्दा मांडला. बॅटरी चहा-क्रीमरोलच्या पैशात येते. तो मुद्दा खोडायला सगळी संध्याकाळ गेली.

आता हे सारं उघडणं, पुसणं, बदलणं कमी होत चाललंय. पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, पुसायला काढणार कशी? सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर एकच, अख्खा बोर्ड बदला. शिवाय चालू होणारी मशीनही म्हातारी ठरवली जातात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, जी जुन्या बोर्डांवर नाही. आमचा कॉम्प्युटर खोडरबरानंतर ठणठणीत उठतो आणि उठल्याबरोबर आपण कालबाह्य झाल्याची सूचना वाचून दाखवतो. तपकीर गल्लीतल्या मुलाला त्याची फिकीर नाही. इंटरनेट काढून ठेवा आणि नोटिसा वाचा, एवढंच तो म्हणतो. माझं मत विचाराल तर अशा मुलांना सोसायटीनं वर्षाचा करार करून बांधून ठेवावं.

त्याला घाबरताना मी एकदाच पाहिलं, ते हार्ड डिस्कला कान लावल्यावर. आतून टक, टक असा आवाज येत होता. रॅम पुसता येते, एसएमपीएस बदलता येतो, विंडोज नव्यानं घालता येतं. पण डिस्कच्या चकत्यांवरून फिरणारा तो बारीक हात जागा चुकायला लागला, की उपाय घरात होत नाहीत. मशीन तिथल्या तिथं बंद करायचं, बँकेतल्या काकांचा उपाय चुकूनही करायचा नाही आणि माहिती सोडवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे डिस्क न्यायची. त्याचं बिल बघून नव्या कॉम्प्युटरची किंमत स्वस्त वाटायला लागते.

तेव्हा वाचकहो, ज्या फायलींवाचून तुमचं अडेल, त्यांची एक प्रत आज रात्रीच पेन ड्राइव्हवर काढा. काढून झाली, की पेन ड्राइव्ह उपसून कपाटात ठेवा. तो मागे खोचलेलाच राहिला आणि तुमच्या बायोसला आधी तिथं बघायची सवय असली, तर सकाळी ते त्याच्यातच विंडोज शोधत बसेल, आणि तुम्ही काहीच केलेलं नसेल.